डावीकडची शेवटची पट्टी

नाही, मला तुम्ही एक सांगा, पियानोची सगळ्यात डावीकडची, अगदी टोकाची, शेवटची पट्टी आयुष्यात कोणी कधी वाजवलीय का? तुम्ही वाजवलीय? तुमच्या ओळखीत कोणी? नाही ना? मग झालं तर. पण हे मला सांगून काय उपयोग, हे त्या घरातल्या लोकांना सांगा, आणि त्याच्याही आधी आमच्या हिला सांगा, कारण ती हल्ली मी घरात पाऊल टाकलं की भाजी चिरता चिरता, मान न वळवता विचारते, "काय हो, आज कोणाची बोलती बंद करून आलात?"   डावीकडची शेवटची पट्टी कोणी वाजवत नाही, एवढं एकच सत्य मी या धंद्यात आयुष्य घालवून कमावलं होतं, आणि नेमकं तेच माझ्या अंगाशी आलं.

तुम्हाला सांगतो, आधी माझं काम काय ते ऐका, नाहीतर तुम्हीसुद्धा त्यांच्याच बाजूचे व्हाल. तारा पिळून सूर लावणारे असतात ना, ते वेगळे. ते इस्त्रीचे कपडे घालून येतात, कान तिरका करतात, चहा घेतात आणि जातात. मी आतला माणूस. जुना उभा पियानो असतो बघा, कपाटासारखा भिंतीला टेकवलेला, त्याचं पुढचं फळकूट काढलं की आत लाकडी हातोड्यांची रांग दिसते. प्रत्येक पट्टीची एक हातोडी, तोंडाला जाड लोकरीचा फेल्ट. तुम्ही बोटानं पट्टी दाबता, आत एक छोटा लाकडी खटका वर उचलला जातो, तो हातोडीला ढकलतो, आणि खरी गंमत पुढं आहे, हातोडी तारेला लागायच्या केसभर आधी त्या खटक्यानं बाजूला व्हायचं असतं. ढकलायचं आणि सोडून द्यायचं. नाही सोडलं तर हातोडी तारेवरच बसून राहते आणि सूर गुदमरतो. आणि खटकाच झिजलेला असला तर? तर तो हातोडीला ढकलतच नाही, खालच्या खाली निसटतो. पट्टी खाली जाते, लाकडावर लाकूड आपटतं, टक्, आणि बस. तारेला पत्ताच नाही. हे टक् जरा लक्षात ठेवा. मी तर आता विसरायचं म्हटलं तरी विसरू शकत नाही.

तर एक दिवस फोन आला. बाईचा आवाज, आणि इतका हळू, की मला वाटलं शेजारच्यांपासून लपवून बोलतेय. "काका, हातोड्यांचं काम करता ते तुम्हीच ना? आमच्या काही पट्ट्या अडकायला लागल्यात. लवकर याल का? घरात फार अडतंय." आता मला सांगा, पियानोवाचून कोणाचं अडतं? गॅसवाचून अडतं, नळाला पाणी नसलं की अडतं. मी म्हटलं, वहिनी, येतो परवा.  मग म्हणाली, "उद्या नाही जमणार?"

गेलो दुसऱ्या दिवशी. आणि काय सांगू तुम्हाला, ते घर. माणसं आहेत, वावरतायत, स्वयंपाक चाललाय, पण आवाज नाही. टीव्हीवर कापड टाकलेलं. घरातले सगळे अनवाणी, चवड्यांवर चालल्यासारखे. फोन करणाऱ्या त्या बाईनं, म्हणजे घरच्या सूनबाईनं, ओट्यावर पातेलं ठेवलं तर खाली आधी फडकं घातलं. मिक्सर लावायचा झाला तर तो उचलून मागच्या गॅलरीत न्यायचा, दार ओढून घ्यायचं, आणि तो फिरत असताना दुसऱ्या कोणीतरी पुढच्या खोलीत येऊन उभं राहायचं. मी मनात म्हटलं, या घरात एकतर कोणी गेलंय नाहीतर कोणी जाणार आहे.

पुढच्या खोलीत पियानो आणि पियानोला चिकटून खुर्ची, खुर्चीत एक आजोबा. उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, कोणीतरी आणून ठेवावा तसा, आणि डावा हात पट्ट्यांवर. वाजवत नाहीत हं. नुसता ठेवलेला. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं ते पाहिलंच. बोलले नाहीत, हसले नाहीत. सूनबाईचा नवरा आतून आला, त्याला मी चिरंजीव म्हणतो, कारण त्या घरात तो अजून चिरंजीवच आहे. प्रत्येक वाक्याला "म्हणजे कसंय" लावायची सवय. म्हणाला, "म्हणजे कसंय काका, हा आमच्या आईचा पियानो. आई गेली. आता बाबा बसतात." झालं. एवढंच सांगितलं. का बसतात, बसून काय करतात, काही नाही. दुरुस्तीवाल्याला सगळं कशाला सांगायचं? डॉक्टरला मात्र काल काय खाल्लं तेसुद्धा सांगतील.

मी फळकूट काढलं आणि हातोड्या बघितल्या. आता हे माझं खास काम आहे. हातोडीच्या तोंडावर तारेचे चर पडतात, जितकी वाजेल तितका चर खोल, आणि ते चर बघितले की मला अख्खं घर कळतं. एका घरात मधल्या वीतभर जागेतच चर होते, म्हणजे पोरगी शिकायला लागली आणि पहिलं गाणं पुरं व्हायच्या आत लग्न होऊन गेली. एका घरात फक्त उजव्या टोकाला, ते मांजर निघालं. पण इथं... इथं मी दिव्याजवळ मान घालून बघतच राहिलो. जवळजवळ सगळ्या हातोड्यांवर बारीक रेघा होत्या, त्या आईच्या हातच्या, आणि मध्येच पाच-सहा हातोड्या अशा, की चर थेट लाकडापर्यंत गेलेला. शेजारशेजारच्या नाहीत, इथं एक, तिथं एक. मी ते सूर मनातल्या मनात म्हणून पाहिले. गाणं होईना. कुठल्याच प्रकारचं होईना. म्हणजे कोणीतरी वर्षानुवर्षं रोज उठून तेच सुटे सुटे सूर दाबत बसलंय.  आणि डावीकडची शेवटची हातोडी? कोरी करकरीत. एक रेघ नाही. मी म्हटलं, बरोबरच आहे, डावीकडची शेवटची पट्टी कोणी वाजवत नाही. एक गोष्ट मात्र बघूनही मी सोडून दिली. दोन्ही टोकांच्या पट्ट्यांवर धूळ होती, आणि ही एकच तेवढी पुसलेली होती.

मी सांगितलं, हातोड्यांचा अख्खा सांगाडा उचलून न्यावा लागेल. एकदम सगळे माझ्याकडं बघायला लागले. चिरंजीव म्हणाला, "म्हणजे कसंय, इथंच बसून नाही का होणार?" म्हटलं, नाही. मी स्क्रू सोडवले, सांगाडा दोन्ही हातांनी उचलला, आणि तो पुढं येईना. बघतो तर आजोबांनी डाव्या हातानं त्याचा कोपरा धरलेला. काय पकड होती हो. चिरंजीवानं एकेक बोट सोडवलं, "बाबा, थोडेच दिवस, बाबा," आणि सूनबाईनं आतून स्टीलची वाटी आणि चमचा आणून त्यांच्या हातापाशी ठेवला. मी जिना उतरतोय तर मागून चमच्याचा आवाज, टिंग, टिंग, टिंग, आणि पाठोपाठ बाईची धावती पावलं. मी मागं वळून पाहिलं नाही.

आता माझ्या कारखान्यात या. म्हणजे आमच्याच घराची मागची खोली. मधल्या पाच-सहा हातोड्यांना नवा फेल्ट चढवला, पण त्यांचे खटके पार गेलेले. इतक्या जुन्या पियानोचे खटके नवे कुठून आणणार? मिळत नाहीत. मग आमच्या धंद्यात काय करतात, मी एकटा नाही, सगळे करतात, ज्या पट्ट्या कोणी वाजवत नाही तिथले धडधाकट खटके काढायचे आणि मधे बसवायचे, आणि मधले झिजलेले तिकडं टोकाला ढकलायचे. चार डाव्या टोकाकडचे घेतले, एक-दोन इकडचे तिकडचे. त्यातला सगळ्यात पार गेलेला, जो ढकलायचं नावच घेईना, तो मी कुठं बसवला असेल? बरोबर. डावीकडची शेवटची पट्टी कोणी वाजवत नाही.

ही दारात उभी होती, तांदूळ निवडत. म्हणाली, "आणि कोणी वाजवलीच तर?" म्हटलं, अगं कोण वाजवतंय. म्हणाली, "पाहुण्यांच्या खोलीत कोणी राहत नाही, म्हणून तिथला दिवा काढून न्हाणीघरात लावाल का?" आता मी तो गेल्याच महिन्यात काढून लावला होता, म्हणून तर ती बोलली. मी विषय बदलला.

काम झालं, नेऊन बसवलं. आता बसवल्यावर एकेक पट्टी वाजवून बघावी लागते, मी उजवीकडून सुरुवात करतो आणि डावीकडं येतो. आजोबा शेजारी, वाटी-चमचा मांडीवर, बघतायत. मी वाजवत वाजवत मधे आलो, एक पट्टी दाबली, आणि सूनबाईनं आतून येऊन पाण्याचा पेला ठेवला. मी म्हटलं वा, काय अगत्य आहे. पुढं गेलो, आणखी एक दाबली, तर तीच परत आली, खिडकी उघडली आणि गेली. आणखी एक, तर शाल घेऊन आली. माझा हात जरा थांबला. मी सावकाश पुढची दाबली, तर आतून चिरंजीव पळत आला, हातात ते... आजारी माणसाचं भांडं असतं ना, ते. मला बघितलं आणि पाठीमागं लपवलं. मी घाबरलो, खरं सांगतो, मला वाटलं या माणसांच्या अंगात कोणीतरी शिरलंय आणि त्यांच्या दोऱ्या माझ्या बोटांना बांधल्यात. पुढची दाबायची हिंमत होईना. तरी दाबली. चहा आला.

तेव्हा कुठं सूनबाईनं पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "काका, जरा दमानं घ्या, तुम्ही एकदम किती मागताय." मग सांगितलं. आजोबांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतं सगळं, बोलता येत नाही. घंटी दिली तर फेकून दिली. मग एक दिवस त्यांनी आपणहून पियानोची पट्टी दाबली आणि पाण्याकडं बोट दाखवलं, आणि तिथून सुरू झालं. ही पट्टी पाण्याची, ही चहाची, ही खिडकीची. "आता सवय झालीय हो, पाय आपोआप निघतात. हातोड्या तुमच्याकडं होत्या तेव्हा नुसती टिंग टिंग, काय हवंय तेच कळेना. शाल मागायचे, आम्ही जेवायला वाढायचो."

 म्हणजे मी त्यांची जीभच पोत्यात गुंडाळून घेऊन गेलो होतो, आणि मला कोणी सांगायचं नाही? बरं, म्हटलं, झालं ते झालं, आणि हात पुढं सरकवत सरकवत अगदी डाव्या टोकाशी आलो. शेवटच्या पट्टीवर बोट ठेवलं. आणि सूनबाईनं माझं मनगट धरलं.

"ती नको."

म्हटलं, का? म्हणाली, "नको म्हटलं ना काका. ती राहू दे." आवाज चढवला नाही तिनं, पण मनगट सोडलंही नाही. चिरंजीव भिंतीकडं बघत होता. आजोबा माझ्याकडं बघत होते. आता याच क्षणी, तुम्हाला सांगतो, याच क्षणी मी म्हणायला हवं होतं की बाई, तिथं मी गेलेला खटका बसवलाय. जिभेवर आलं होतं. पण मी म्हटलं, तेच वाजवू नका म्हणतायत, मग मी कशाला नसतं उकरून काढू? नाहीतरी डावीकडची शेवटची पट्टी कोणी वाजवत नाही. फळकूट लावलं, चहा प्यालो, घरी आलो.

पुढं काही दिवस सगळं ठीक. मग दुपारी फोन. सूनबाई. आता आवाज जरा मोकळा. "काका, पाणी काय खणखणीत वाजतंय हो. आणि भांड्याची पट्टी तर पार बिल्डिंगच्या गेटपर्यंत ऐकू येते, जरा कमी करता येईल का?" मी खूश. मग म्हणाली, "एकच आहे. बाबा मघापासून डाव्या बाजूला काहीतरी लाकूड ठोकतायत. टक्. मग थांबतात, वाट बघितल्यासारखे. मग परत टक्. मी दोनदा दारातून डोकावले, पण त्यांच्या पाठीमुळं हात दिसत नाही. झाकणाचं काही सैल झालंय का?"

माझ्या हातातला फेल्ट खाली पडला. म्हटलं, वहिनी, ती टोकाची पट्टी कशासाठी आहे? म्हणाली, राहू द्या ना काका. म्हटलं, वहिनी, सांगा. मग तिनं सांगितलं, आवाज परत तसाच, पहिल्या दिवसासारखा. सासूबाई गेल्या तेव्हा सगळे घरात होते. कोणी आंघोळीला, कोणी टीव्हीसमोर, मिक्सर चालू. आतल्या खोलीत एकट्या गेल्या, तासाभरानं कळलं. तेव्हापासून आजोबांनी एकच धरून ठेवलंय, मी असा जाणार नाही. वाचा गेल्यावर त्यांनी खुणांनी पटवून दिलं, जायची वेळ आली की ती पट्टी वाजवणार, मग हातातलं टाकून सगळ्यांनी यायचं. "अजून एकदाही वाजली नाही ती. आम्ही पुसतो रोज, पण दाबत नाही. घरात आवाज करत नाही तो तेवढ्यासाठीच. ऐकू आली नाही असं व्हायला नको."

काय करू मी? सांगा ना, तुम्ही काय केलं असतं? म्हटलं, वहिनी... ती वाजत नाही.

फोन तिकडं कशावर तरी आपटला. बंद झाला नाही. मी कानाला लावून उभा. पावलं ऐकू आली, पळतानाची. मग दार. मग काही नाही. मी हॅलो हॅलो करतोय, ही माझ्या मागं येऊन उभी राहिलेली, आणि पलीकडं काही म्हणजे काही नाही. मी पिशवीत हाताला लागलं ते कोंबलं आणि निघालो. ही एक अक्षर बोलली नाही. आमची ही बोलली नाही, म्हणजे विचार करा.

बस मिळाली तर ती प्रत्येक थांब्यावर थांबणार. थांबणारच, बसच आहे ती, पण त्या दिवशी मला वाटलं मुद्दाम थांबतेय. समोर एक बाई पर्सची कडी उघडतेय, मिटतेय, टक्, टक्, मी तिला म्हटलं, अहो नका ना करू तसं, ती उठून लांब जाऊन बसली. आणि डोक्यात एकच चित्र. तो माणूस खुर्चीत, बोलता येत नाही, शेवटचं बोलावणं करतोय, सगळे पलीकडच्या खोलीत कान लावून बसलेत, इतकी वर्षं कान लावून बसलेत, आणि मधे माझा एक गेलेला खटका. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

जिना चढलो. दार सताड उघडं. पुढच्या खोलीत सगळे पाठमोरे उभे, पियानोभोवती, कोणी हलत नाही. सूनबाई, चिरंजीव, शेजारचे एक-दोघं.  म्हटलं, संपलं. आणि मग त्या सगळ्यांच्या पलीकडून आवाज आला... सुर्रर्र. बशीतून चहा ओढल्याचा.

आजोबा चहा पीत होते. मिशीला चहा लागलेला. मला बघितलं, बशी खाली ठेवली, आणि असे बघायला लागले की मला वाटलं मी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि शेजारचा माणूस आता माझ्यापुढं शपथेला गीता धरतो. चिरंजीव रडत होता की हसत होता कळेना. म्हणाला, "म्हणजे कसंय काका, बाबा आयुष्यभर कोर्टात पुकारा करायचे. अमुक हजर है. तीनदा पुकारायचं, कोणी आलं नाही की प्रकरण पुढं ढकलायचं. आज त्यांनी तीनदा पुकारलं. आम्ही कोणीच हजर नाही. मग त्यांनी चहाची पट्टी वाजवली, ती वाजली, चहा आला. आता पुढची तारीख." सूनबाईनं विचारलं, "बाबा, खरंच बरं वाटत नव्हतं का? की नुसतं तपासत होतात?" त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

मी तिथल्या तिथं पिशवी उघडली. पण चांगला खटका कुठून आणायचा? पाण्याचा काढला तर पाणी बंद. मी उजव्या टोकाशी गेलो, आणि आता मात्र आधी विचारलं, वहिनी, उजवीकडची शेवटची कशासाठी आहे? म्हणाली, "ती कशासाठीच नाही." म्हटलं, नक्की? नाही, परत एकदा आठवून बघा. आजोबांना विचारा. आजोबांना विचारलं. त्यांनी डावा खांदा उडवला. मग काढला.

बसवला. आता जुळवायचा कसा? वाजवल्याशिवाय खटका जुळवणं म्हणजे मीठ न चाखता आमटी करणं, आणि वाजवायची तर सोय नाही. सूनबाई समोर उभी, "काका, आवाज काढायचा नाही हं." मग मी काय केलं, पट्टी बोटानं मुंगीच्या पावलानं दाबत गेलो, हातोडी वर येतेय, येतेय, तारेच्या केसभर अलीकडं आली, आणि खटका सुटला. हातोडी अलगद मागं. परत. परत.  चिरंजीव म्हणाला, "वाजेल ना?" म्हटलं, वाजेल. "न ऐकता कसं सांगता?" म्हटलं, तुम्ही ऐकू दिलंत तर सांगतो.  खरं सांगू? मलाही माहीत नव्हतं. असं काम केलंय का कोणी, जे एकदाच तपासलं जाणार, आणि ते तपासलं गेलेलं आपल्याला ऐकायचं नाही?

फळकूट लावलं. शेजारचे गेले. सूनबाई मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला, चिरंजीव आंघोळीला. मी खाली वाकून चपला घालतोय, एक घातली, आणि मागं बघितलं तर आजोबांचा डावा हात सरकत चाललाय. पाणी गेलं, खिडकी गेली, चहा गेला... हात टोकाशी आला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवतोय, नको, आजोबा, नको. आणि त्यांनी दाबली.

काय आवाज हो. जमिनीतून आला. पायाच्या तळव्यांना कळला आधी, कानाला मग. खिडकीची काच थरथरली, आणि आतून सगळं घर फुटल्यासारखं धावत आलं. सूनबाई ओले कपडे छातीशी धरून, चिरंजीव अंगाला साबण आणि कमरेला टॉवेल, शेजारची आजी जिन्यातून परत वर, हातात कंगवा. सगळे येऊन खुर्चीभोवती गुडघ्यांवर बसले. "बाबा. बाबा, आम्ही आहोत." कोणी हात धरला, कोणी पाय. सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी. मी एका चपलेवर उभा.

आजोबांनी एकेकाच्या तोंडाकडं सावकाश पाहिलं. हजेरी घेतली म्हणा ना. सगळे हजर आहेत याची खात्री पटली, आणि मग त्यांनी हात उचलला, उजवीकडं सरकवला, आणि चहाची पट्टी दाबली.

तेव्हापासून रोज वाजते. रोज, आणि रोज वेगळ्याच वेळेला. कधी भाजी फोडणीत असताना, कधी चिरंजीव दाढी करताना. आणि ही माणसं रोज धावतात. मी विचारलं सूनबाईला, अहो, कळतंय ना तुम्हाला की उगाच वाजवतात? म्हणाली, "कळतं की. पण आजची खरी नाही कशावरून?"  धावतात, बसतात, हात धरतात, आजोबा सगळ्यांना बघून घेतात आणि चहा मागतात.

परवा परत बोलावलं होतं. फळकूट काढून बघतो तर डावीकडच्या शेवटच्या हातोडीला चर पडलेला, पाण्यापेक्षा खोल. त्यामुळे आता तुम्हीसुद्धा मला सांगू नका की ती पट्टी कोणी वाजवत नाही. मी वाकून बघतोय तेवढ्यात चिरंजीव कानाशी आला, अर्ध्या गालाला साबण, सुकलेला, आणि दमून म्हणाला, "म्हणजे कसंय काका, तुमच्यावर राग नाही आमचा. पण जरा जास्तच चांगली दुरुस्त केलीत हो तुम्ही."